चार क्लब, चार गिट कार्यशाळा

गेल्या ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने मी पुण्यातल्या एकाच कॉलेजच्या आवारात दोनदा गिट शिकवलं. गिट म्हणजे कोडच्या फायलींत कुणी काय बदललं याची नोंद ठेवणारं साधन. बोलावणारे क्लब वेगळे, इमारत तीच. पहिल्यांदा तळमजल्यावरची लॅब, दुसऱ्यांदा तिच्या बरोबर वरची. दुसऱ्या वेळी कमिट, म्हणजे अशी एक नोंद, हे काय असतं ते सांगून होतंय तोच दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, एवढं मागच्या वेळी खाली झालं होतं. दोघांनी एकच फाइल बदलली की मर्ज करताना, म्हणजे बदल एकत्र जोडताना, अडतं, ते कसं सोडवायचं ते सांगाल का?" तिला हवं होतं ते त्या दिवशीच्या कार्यक्रमात नव्हतं. पहिल्या कार्यशाळेतही नव्हतं. नंतर चहा पिताना कळलं, की त्याच आवारात आणखी दोन क्लब आहेत आणि त्यांनीही सप्टेंबरात गिटचीच कार्यशाळा ठरवली आहे. तीही पहिल्या धड्यापासून.

मी बारा वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका कॉलेजात अशा क्लबचा सेक्रेटरी होतो. आता हिंजवडीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी कुणी बोलावलं की शिकवायला जातो. जिथे जातो तिथे साधारण हेच दिसतं. एक एसीएम या संगणकवाल्यांच्या संस्थेचा स्टुडंट चॅप्टर, एक आयईईई या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेची शाखा, एक कंप्युटर सोसायटी ऑफ इंडियाची, एक लिनक्सवाल्यांचा, म्हणजे ती मोफत ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांचा गट, एक कोडिंग क्लब, आणि आता एआयचा एखादा नवा. सगळ्यांची मुलं त्याच वर्गांतली, आणि सगळे जण एफईच्या पोरांना (एफई, एसई, टीई, बीई ही इंजिनिअरिंगची पहिलं ते चौथं वर्षं) तेच तीन धडे देतात: गिट, पायथॉन, वेबसाइट कशी करायची. चौथा धडा कुणी घेत नाही. चौथ्या धड्याला पंधराच मुलं येणार, आणि पंधरा मुलांसाठी सेमिनार हॉल मागायला कुणी धजत नाही. चार क्लबांची पंधरा-पंधरा मिळून साठ झाली असती, हा हिशोब कुणी मांडत नाही.

या क्लबांनी एकत्र काम करावं असं मी भेटेल त्याला सांगतो, आणि बहुतेकांना वाटतं मी संयुक्त कार्यक्रमाबद्दल बोलतोय. तसे कार्यक्रम होतातच. पोस्टरवर दोन लोगो येतात, उद्घाटनाला दोन्हीकडचे कोऑर्डिनेटर सर बसतात, समोशांचा खर्च निम्मा-निम्मा होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही क्लब पुन्हा अनोळखी. माझी मागणी वेगळी आहे. क्लबांनी मिळून एखादी गोष्ट सांभाळायला घ्यावी. चालता सर्व्हर असेल, वर्षानुवर्षं वाढत जाणारा कोड असेल, दरवर्षी दुरुस्त होणारी शिकवायची पुस्तिका असेल. एका क्लबाला झेपणार नाही आणि एका वर्षात संपणार नाही, असं काहीतरी. नावं, लोगो, बैठका खुशाल वेगळ्या राहू देत.

हे माझ्या डोक्यात का बसलं ते सांगतो. आमच्या क्लबाचा एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे लॅबमधून काढून टाकलेला एक जुना पीसी, रॅम वाढवून कोपऱ्यात ठेवलेला. त्यावर जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची सगळी पॅकेजेस उतरवून ठेवलेली होती. हॉस्टेलचं इंटरनेट तेव्हा इतकं मंद होतं, की एका लॅपटॉपवर लिनक्स टाकून ते अद्ययावत करायला रात्र जायची. आमच्या पीसीवरून तेच काम वीस मिनिटांत व्हायचं. आमच्या आधीच्या दोन बॅचेसनी ते उभं केलं, आम्ही ते वापरलं, त्यात थोडी भर घातली. त्याचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, एका सीनियरच्या नावावर होतं. तो एमएस करायला अमेरिकेला गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर येत राहिल्या आणि तो पत्ता कॉलेजने केव्हाच बंद केला होता. डोमेन गेलं. मग दिवाळीच्या सुट्टीत लॅबचं नूतनीकरण निघालं आणि कोपऱ्यातला तो पीसी भंगारात गेला, कारण तो चालू वापरातला आहे हे कुणी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो तेव्हा बीईला, प्लेसमेंटच्या धावपळीत.

दोन मजले वर लिनक्सवाल्यांचा गट बसायचा. त्यांच्याकडे हेच सगळं एका दुसऱ्या मशीनवर होतं, आणि आमचं एका रात्रीत पुन्हा उभं करू शकतील अशी तीन पोरं होती. हे मला पास होऊन नोकरीला लागल्यावर, त्यांच्यातलाच एक जण ऑफिसात शेजारी बसायला लागला तेव्हा कळलं. चार वर्षं आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. एसईला असताना सेमिनार हॉलच्या तारखेवरून वाजलं होतं, तेवढंच कारण. ज्या वस्तूवर दोन क्लबांचा हात असतो ती एका माणसाच्या पास होण्याने मरत नाही. एक बॅच बीईच्या सबमिशनमध्ये बुडालेली असते तेव्हा दुसऱ्या क्लबाचा टीईचा कुणीतरी जागा असतो. पासवर्ड दोन ठिकाणी असतो. माझ्या लेखी एकत्र येण्याचं पहिलं कारण हे आहे, मैत्री आणि खिलाडूपणा त्याच्या नंतर.

आपल्याकडचं शैक्षणिक वर्ष पाहिलं की हे आणखी टोचतं. प्रवेशाच्या फेऱ्या रेंगाळत ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत जातात. मग गणपती, मग इनसेम ही सत्रामधली परीक्षा, दिवाळी, सबमिशन, आणि एंडसेम ही सत्राअखेरची. जानेवारीत जरा मोकळीक मिळते तोवर फेब्रुवारी-मार्चमधले फेस्ट येतात. क्लबाच्या कामाला सलग मिळतात ते मोजके आठवडे. एसईला मूल सभासद होतं, टीईला पदावर येतं, बीईला नोकरीच्या मागे लागतं. म्हणजे काम समजलेला माणूस क्लबाच्या हाती एक वर्षभर असतो, आणि त्या वर्षातले ते मोजके आठवडे चारही क्लब तेच तीन धडे गिरवण्यात घालवतात.

बॅचमागून बॅच एक काम पुढे नेता येतं, याचं उत्तम उदाहरण याच शहरात आहे. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून इस्रोचं पीएसएलव्ही-सी३४ हे रॉकेट उडालं, त्यात एकूण २० उपग्रह होते. त्यातला साधारण एक किलोचा 'स्वयम्' सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला होता. त्यावर काम सुरू झालं तेव्हाची पोरं उड्डाणाच्या दिवशी केव्हाच नोकऱ्यांना लागलेली होती. वीतभराहून लहान त्या ठोकळ्यात सांगाडा यांत्रिकीचा, वीजपुरवठा आणि संदेशवहन इलेक्ट्रॉनिक्सचं, आणि सगळ्यांना चालवणारा प्रोग्रॅम, असं सगळं एकत्र बसवायचं होतं. प्रत्येक शाखेने आपापला उपग्रह क्लब काढला असता तर एकाकडे सुरेख डबा आणि दुसऱ्याकडे सुरेख सर्किट राहिलं असतं. आणि इतकी वर्षं, इतक्या हातांतून जाणारं काम नीट लिहून ठेवल्याशिवाय टिकणं शक्यच नाही. आपल्या क्लबांत नेमकी तीच सवय नाही. चार्ज देताना आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद द्यायचो आणि पार्टी करायचो.

ज्या मोठ्या संस्थांच्या नावाने हे क्लब चालतात त्यांच्याकडे पाहिलं तर वेगळेपणाचा हट्ट आणखीच निराधार वाटतो. आयईईई ही संस्थाच मुळात १९६३ साली दोन संस्था एकत्र येऊन झाली: विद्युत अभियंत्यांची १८८४ ची आणि रेडिओ अभियंत्यांची १९१२ ची. दोघींचं काम एकमेकींत इतकं मिसळत गेलं होतं, की वेगळ्या चुली ठेवण्यात अर्थ उरला नाही. एसीएम तर १९४७ ची. ती वेगळीच राहिली, आणि तरीही कंप्युटर सायन्सच्या विद्यार्थ्याने काय शिकावं याचा जो आराखडा जगभर वापरला जातो तो एसीएम आणि आयईईईची कंप्युटर सोसायटी अनेक दशकं मिळून ठरवत आली आहे. २०१३ चा आराखडा दोघींचा होता. पुढच्या, २०२३ च्या वेळी एआयवाल्यांची संघटनाही सोबत आली. अमेरिकेतल्या या संस्था अभ्यासक्रमासारख्या वादाच्या विषयावर एकत्र बसतात, आणि पुण्यातल्या एका इमारतीत त्यांच्याच शाखा एक प्रोजेक्टर वाटून घ्यायला तयार नसतात.

मुलांना यात दोष देणं मला पटत नाही. ती ज्या चौकटीत वागतात ती चौकटच मोजदादीची आहे. वर्षाच्या शेवटी कॉलेजच्या अहवालात किती कार्यक्रम झाले हे लिहावं लागतं, मान्यतेच्या पाहणीत तेच कागद काढले जातात. दोन क्लबांनी दोन कार्यशाळा घेतल्या तर दोन ओळी भरतात, मिळून एक चांगली घेतली तर एकच. त्यात एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाप्रमाणे बी.टेक.च्या मुलाला चार वर्षांत शंभर अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट मिळवायचे असतात, त्यामुळे सर्टिफिकेटला भाव येतो. शिवाय प्रत्येक नव्या क्लबाबरोबर एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, एक सेक्रेटरी, एक खजिनदार आणि सोशल मीडियाचे दोन हेड तयार होतात. टीईच्या मुलाला रेझ्युमेवर ते पद हवं असतं, आणि मुलाखत घेणारे आम्ही लोक त्याबद्दल विचारतोही. मी अलीकडे मुलाखतीत पद विचारणं सोडलं आहे. "तू आलास तेव्हा काय होतं आणि तू गेल्यावर काय राहिलं?" एवढं विचारतो. उत्तर देता येतं अशी मुलं थोडी भेटतात, पण भेटतात, आणि मग तासभर गप्पा चालतात. कोऑर्डिनेटर सर-मॅडमनी अहवालात 'चालू प्रकल्प' असा एक रकाना स्वतःहून जोडला आणि त्यात दोन-तीन क्लबांची नावं एकत्र लिहायला मुभा दिली, तर पुष्कळ फरक पडेल. त्याला कुणाची परवानगीही लागणार नाही.

माझ्या या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप चुरशीचा आहे. एका जुन्या कोऑर्डिनेटर मॅडमनी तो माझ्यासमोर मांडला. त्या म्हणाल्या, "अरे, चुरस आहे म्हणून पोरं रात्री जागतात. सगळं एकत्र केलंस तर चौघांत एक क्लब उरेल आणि तोही झोपेल." त्यांचं म्हणणं मी बरेच दिवस मनात घोळवलं. चुरस हे पुण्याच्या कॉलेजजीवनाचं मोठं बळ आहे, हे कोण नाकारेल? पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमींसाठी पोरं अभ्यास, जेवण, झोप सगळं विसरतात. पण पुरुषोत्तम १९६३ पासून चालू आहे तो महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था दरवर्षी तो भरवते म्हणून. तारखा एक, नियम एक, रंगमंच एक, परीक्षक सगळ्यांना तेच. प्रत्येक कॉलेजने आपापला करंडक आपापल्या सभागृहात भरवला असता तर चुरस कुठून आली असती? चुरशीलाही खाली एक सामाईक जमीन लागते. आमच्या क्लबांकडे आज ती नाही. जी चढाओढ आहे ती एफईच्या मुलांच्या सभासद शुल्कासाठी आणि सेमिनार हॉलच्या शनिवारासाठी आहे. कोड कुणाचा सरस, हे त्यात ठरत नाही. कामाची जमीन एक झाली तर मॅडम म्हणतात ती खरी चुरस तिथे सुरू होईल, अशी माझी खात्री आहे.

मात्र एकत्र येण्यालाही किंमत असते, आणि ती मी लपवणार नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक हे सरकारी संगणक संशोधन केंद्र सुरू झालं. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात त्याचं घर अनेक वर्षं होतं. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथल्या लोकांनी परम ८००० हा महासंगणक उभा केला. परदेशी महासंगणक हवा तसा मिळत नव्हता, म्हणून एका प्रचंड प्रोसेसरऐवजी ६४ लहान प्रोसेसर जोडून काम वाटून घ्यायचं, हा त्याचा गाभा होता. अशा समांतर संगणनात काम केलेल्या कुणालाही विचारा, गणित वाटणं त्या मानाने सोपं असतं. वेळ जातो तो त्या प्रोसेसरांच्या एकमेकांशी बोलण्यात. बोलणं फार झालं तर साठ प्रोसेसर मिळून दहांपेक्षा हळू चालतात. चार क्लबांचंही तसंच होईल. चार समित्या, त्यांची एक महासमिती, तिचं पुन्हा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, असं केलंत तर सगळा वेळ बैठकांत जाईल. म्हणून सामाईक ठेवायचं ते अगदी थोडं असावं. एक कॅलेंडर, ज्यात जूनमध्येच चौघांच्या तारखा पडतात. कुणाकडे किती रास्पबेरी पाय हे तळहाताएवढे संगणक, किती सेन्सर, कोणतं ग्राफिक्स कार्ड आहे याची एक यादी. आणि एक प्रकल्प. महिन्यातून एकदा तासभर भेट पुरे.

कॅलेंडर ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण ती नसल्याने कुणाचं काय अडतं ते पाहा. शनिवारचे हॉल चौघांत वाटले जातात, उरतं ते रात्रीचं. मग रात्रभराचे हॅकेथॉन ठरतात. मुलींच्या हॉस्टेलचं गेट संध्याकाळी बंद होतं. परवानगीचं पत्र, पालकांचा फोन, रेक्टरची सही एवढं सगळं करून ज्या येतात त्या येतात, बाकीच्यांचं नाव यादीत नसतंच. आमच्या वेळी आम्ही "मुली येत नाहीत" असं सहज म्हणायचो. दिवसा ठेवला असता तर किती आल्या असत्या, हे आम्ही कधी करून पाहिलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

बीसीएस, बीसीए, एमसीए या संगणकाच्याच पदव्या करणाऱ्या मुलांचंही तेच. इंजिनिअरिंगच्या शेजारच्याच इमारतीत त्यांचे वर्ग असतात, पण क्लबांची डेस्क लागतात ती इंजिनिअरिंगच्या पोर्चमध्ये. जुन्नर, संगमनेर, सटाण्याकडून आलेली, दहावी-बारावी मराठीत शिकलेली मुलं यांत बरीच असतात. पहिल्याच कार्यशाळेत इंग्रजीचा मारा झाला की ती मागच्या बाकावर जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. एका क्लबाला मराठीतून वेगळी तुकडी काढणं परवडत नाही, शिकवणारे दोनच असतात. चौघांचे आठ झाले की दोन जण मराठीतून शिकवू शकतात. प्रोग्रॅमिंगमधला पॉइंटर मराठीतून समजावला म्हणून त्याचं काही बिघडत नाही. मी स्वतः तो मराठीतून समजावल्यावर मुलांचे चेहरे उजळताना पाहिले आहेत.

आणि प्रकल्प कोणता? दहा सुचतील. मला एक फार जवळचा वाटतो. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचा कॉमन व्हॉइस हा उपक्रम २०१७ पासून चालू आहे. लोक आपल्या भाषेतली वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करतात, दुसरे लोक ती ऐकून बरोबर आहेत का ते तपासतात, आणि तयार झालेला साठा कुणालाही मोफत वापरता येतो. मराठी त्यात आहे. यंत्राला मराठी नीट ऐकू यायची तर त्यात पुण्याच्या पेठांइतकाच चांदवडचा, अकोल्याचा, सोलापूरचा आवाज हवा. पुण्याच्या कुठल्याही कॉलेज आवारात हे सगळे आवाज एका मेसमध्ये जेवायला बसतात. एकाने वाक्यं जमवावीत, त्यात मराठी विभागाची मदत घ्यावी. दुसऱ्याने आवाज मुद्रित करण्याची मोहीम हॉस्टेलात न्यावी, तिसऱ्याने तपासावं, चौथ्याने त्या साठ्यावर मॉडेल शिकवून पाहावं. चौथ्या क्लबाला पहिल्या तिघांवाचून काहीच करता येणार नाही, आणि इंग्रजीला बिचकणारं जुन्नरचं पोर इथे पहिल्या दिवसापासून कामाचं असेल, कारण त्याचा आवाजच तर हवा आहे. बॅच गेली तरी साठा राहतो आणि पुढची बॅच त्यात भर घालते. आमच्या पीसीसारखा तो भंगारात जाणार नाही.

त्या ऑगस्टच्या कार्यशाळेनंतर मी उरलेल्या दोन क्लबांच्या सेक्रेटरींना फोन केला. एक जण म्हणाला, "दादा, फ्लेक्स छापून झालाय, आता विषय बदलता येणार नाही." त्याची कार्यशाळा ठरल्याप्रमाणे झाली, पहिल्या धड्यापासून. दुसरीने दोन दिवस मागून घेतले, आपल्या मॅडमशी बोलली आणि विषय बदलला: दोघांनी एकच फाइल बदलली तर काय करायचं. चारही क्लबांच्या ग्रुपवर तिने निरोप टाकला. एकेचाळीस मुलं आली, त्यात सात बीसीएसची होती. दुसऱ्या बाकावरची ती मुलगी या वेळी पहिल्या बाकावर बसली होती. मी जोड्या लावून एकाच फाइलवर काम दिलं, मुद्दाम वेगवेगळ्या क्लबांतली दोघं एकत्र. पहिला अर्धा तास कुणाचंच मर्ज होईना.

या वर्षी फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात चौघांनी भेटायचं ठरलं आहे. कॅलेंडरची कोरी फाइल बाकावरच्या त्या मुलीने आत्ताच तयार करून ठेवली आहे, आणि त्या फाइलचा पासवर्ड चार जणांकडे आहे.